पोस्टकार्डावरचं पाचवं नाव

शेजारणीचे वडील बोटीवर कामाला. ते रेडिओ घेऊन आले आणि शेजारणीसकट तोंडवलीतल्या पाच मुलींना एका गायिकेच्या आवाजाचं वेड लागलं. सहावी मी. पण रेडिओ माडीवर, जिना शिडीसारखा उभा, आणि लहानपणीच माझ्या उजव्या पायावरून वारं गेलेलं. एकदा शेजारणीने मला पाठुंगळीला घेऊन चढवलं, तर तिची आई केवढ्याने ओरडली! पोर पडलं म्हणजे? रेडिओ खाली आणायचा तर तारा, बॅटरी, सगळंच हलवायला हवं. ‘त्याका हात लावूचो नाय,’ अशी वडिलांची ताकीद होती.

मग दर रविवारी दुपारी त्या वर आणि मी खाली माजघरात. फळ्यांतून नुसती गुणगुण यायची, आणि त्या नाचल्या की डोक्यावर धूळ.

गाणं एकदाच लागायचं, म्हणून त्यांनी ओळी वाटून घेतल्या होत्या. पहिली हिने लिहायची, दुसरी तिने. मग चिठोऱ्या खाली यायच्या. माझं अक्षर चांगलं ना, वहीत उतरवायचं काम माझं! वहीतली सगळी गाणी मला पाठ होती, चाल एकाचीही येत नव्हती. पाणंदीतून त्या पाचजणी गळा काढून गात जायच्या तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. सगळ्यात जास्त शेजारणीवर. रेडिओही तिचा, पायही तिचे, आणि आवाजसुद्धा मेलीचा गोड.

एकदा फर्माइशीचं पोस्टकार्ड पाठवायचं ठरलं. लिहिणार अर्थात मी. शेजारणीने पाच नावं सांगितली. मी विचारलं, “आणि माझा?”

एक जण हसली. “तुझा कित्याक गो? तू खंय वर येतंस?”

शेजारीण कार्ड माझ्यापुढे सरकवून उठली. त्या गेल्यावर मी चार नावं लिहिली आणि पाचवं, शेजारणीच्या जागी, माझं. पोस्टमन आमच्याच अंगणातून जायचा. कार्ड मीच त्याच्या हातात दिलं. वाईट वाटलं का? छे! त्या रात्री दोन घास जास्तच जेवले.

चार-पाच रविवार कोरडे गेले. मग एका दुपारी वर एकदम धडधड, किंकाळ्या, धूळच धूळ. मी भिंतीला धरून उभी राहिले, कान छताला लावल्यासारखी मान वर केली. नुसती गुणगुण.

शेजारीण जिना उतरली. डोळे भरलेले, तरी हसत होती. “गो, तुझा नाव इला! आयकलंस?”

“आयकलंय,” मी म्हटलं.

“तू तुझा घातलंस ता बरा केलंस. माझ्याच लक्षात येवक व्हया होता. माझा मात्र गाळल्यानी बग, मेल्या रेडिओवाल्यांनी.” तिने डोळे पुसले. मग छाती पुढे काढून, रेडिओवाल्याचा आवाज काढून तिने म्हणून दाखवलं: आधी गाव, मग चार नावं, आणि शेवटी, जरा थांबून, माझं.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तिच्याकडे बघून पुन्हा तोच जळफळाट झाला आणि मी ते मिटलं. रेडिओवर माझं नाव तिने ऐकलं होतं, मी नाही.