काकांविरुद्ध वाचन

मी पुस्तकं वाचायला लागले ती माझ्या काकांना तोंडावर पाडायला. वाचनाची आवड कशी लागली असं कोणी विचारलं की मी हेच सांगते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. त्याला काहीतरी गोड ऐकायचं असतं. माझ्याकडे गोड काही नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मला एका माणसाचा प्रचंड राग यायचा, एवढंच होतं.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर घर त्यांनीच ओढलं. बाबांना गावावरून मुंबईत आणलं, अंधेरीच्या एमआयडीसीत एका बाइंडिंगच्या कारखान्यात चिकटवलं. स्वतः विमा कंपनीत साहेब झाले, बोरिवलीला टू बीएचके घेतला. बाबा दहावी नापास. आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर, चाळीतल्या एका खोलीत. एक रविवार सोडून एक रविवार बोरिवलीला जेवायला जायचं, हे ठरलेलं होतं. ‘या रविवारी नको’ असं आईने कधी म्हटलंच, तर बाबा म्हणायचे, “भाऊला काय वाटेल?” आम्हाला काय वाटतं हा विषय निघायचाच नाही.

ताटं वाढली की काकांचे प्रश्न सुरू. सगळ्यांचे फोन टीव्हीखालच्या कपाटावर ठेवायला लावायचे, म्हणजे कोणी चोरून बघायला नको. एका रविवारी भात कालवता कालवता माझ्याकडे बघून म्हणाले, “सांग, ऑस्ट्रेलियाची राजधानी कुठली?”

मी म्हटलं, “सिडनी.”

काका हसले. काकी हसली. माझा चुलतभाऊ, तेव्हा बारावीचा टॉपर, तोही हसला. काका बाबांकडे वळून म्हणाले, “तुझीच पोरगी रे. शोभते अगदी.”

आणि बाबाही हसले. सुरमईचा काटा बोटाने बाजूला काढत, मान हलवत, जणू काकांनी कौतुकच केलं होतं. काकांचं बोलणं मी गिळलं असतं. बाबांचं ते हसणं मला गिळता आलं नाही.

त्या काळात बाबा कारखान्यातून वेस्टेज घरी आणायचे. पुस्तकाचा छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे सगळे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. घडी तिरकी गेली, शाई पसरली, की तो फर्मा बाजूला टाकतात. आमच्या घरी त्या फर्म्यांवर भाजी निवडली जायची, फडताळात डब्यांखाली ते अंथरले जायचे. त्या वर्षी कारखान्यात मुलांच्या एका जाडजूड ज्ञानकोशाचं काम आलं होतं, मराठीत, रंगीत चित्रांचं. सिडनीनंतरच्या आठवड्यात डब्याखालून कांगारूचं डोकं बाहेर आलेलं मला दिसलं. मी डबा उचलला, फर्मा ओढून काढला. कडा न कापलेल्या होत्या, म्हणून विळीवर कापल्या. पान उघडलं. कॅनबेरा.

मग मी फडताळच उपसलं.

आई ओरडली, “अगं, झुरळं होतील तिथे. कागद कुठे नेतेस?”

“वाचायला.”

“मग डब्यांखाली काय घालू, माझं डोकं?”

मी बाबांना सांगितलं की त्या पुस्तकाचे जितके फर्मे खराब होतील तितके आणा. बाबांना बरं वाटलं. पोरगी अभ्यासाला लागली, असं त्यांनी शेजारी सांगितलंही. मी कशासाठी वाचते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

माझं ज्ञान त्यामुळे मोठं विचित्र तयार झालं. जो फर्मा खराब झाला तेवढंच मला यायचं. ज्वालामुखी तोंडपाठ, भूकंपाचं अक्षर माहीत नाही, कारण भूकंपाची पानं नीट छापली गेली होती. हृदय आणि रक्ताभिसरण पूर्ण, फुप्फुसं अर्धी. मुघल संपले की एकदम मधमाश्या. वाक्य मध्येच तुटायचं आणि पुढचं पान या घरात कधीच येणार नसायचं. मी ते पाठ करायचे. समजून घ्यायचं वगैरे नंतर. आधी काकांच्या टेबलावर फेकता यायला हवं.

दोन-तीन रविवारांनी काकांना कळलं की मी आता उत्तरं देते. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

“पाठ करून आलीय,” ते काकीला म्हणाले. “पोपट आहे नुसता, पोपट.”

मग त्यांनी प्रश्न इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. मला प्रश्न कळेपर्यंत ते म्हणायचे, “टाइम अप.” एकदा त्यांनी भूकंप कसा मोजतात ते विचारलं. मी गप्प बसले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला, की त्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मी चपलासुद्धा न काढता स्टेशनजवळच्या वाचनालयाकडे वळले. तिथे बसून वाचायला पैसे लागायचे नाहीत. टेबलाभोवती वर्तमानपत्र वाचणारे आजोबा बसलेले असायचे आणि पान उलटल्याचा आवाज आला तरी डोळे वटारायचे. तिथल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, “कितवीत आहेस? मग शाळेचं वाच ना. हे सगळं कशाला?”

मी म्हटलं, “घरी भांडण आहे.”

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी भूकंपाचं पुस्तक दिलं. ते देताना असं दिलं, की जणू मी त्यांचं मंगळसूत्र मागितलं होतं.

शाळेतही मी कोणाला आवडेनाशी झाले. कोणी काही म्हणालं की मी दुरुस्त करायचे. भूगोलाच्या बाईंनाही केलं. माझी एकच जवळची मैत्रीण होती, ती एक दिवस म्हणाली, “यार, तू माझ्याशी बोलतेस की माझा पेपर तपासतेस?” पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी तिला बोलवायला गेले नाही. मला तेव्हा मैत्रीण नको होती, मला उत्तरं हवी होती.

मी दहावीत गेले त्या वर्षीची गोष्ट. चुलतभाऊ तोवर डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्या रविवारी सुट्टीवर घरी आला होता. काका खुशीत होते. सोलकढीचा घोट घेऊन त्यांनी शर्टाची बाही वर केली, हात माझ्यासमोर धरला आणि मनगटावरच्या शिरा दाखवल्या.

“सांग, या निळ्या का?”

मी म्हटलं, “कातडीतून तशा दिसतात.”

“चूक. आतलं रक्त निळं असतं म्हणून. त्यात ऑक्सिजन नसतो. बाहेर आलं, हवा लागली, की लाल होतं. लिहून घे.”

हृदयाचा फर्मा माझा सगळ्यात पाठ होता. त्यात चित्रात शिरा निळ्या रंगवल्या होत्या आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हा निळा रंग फक्त ओळखण्यासाठी आहे.

“काका, रक्त निळं नसतंच. शिरेतलंही लालच असतं. जरा काळपट लाल. ऑक्सिजन नाहीच असंही नाही, कमी असतो.”

“कोणी सांगितलं?”

“वाचलंय मी.”

“मी पण शिकलोय. चार्ट बघितलेत मी. प्रत्येक चार्टवर निळं असतं.”

“चार्टवर ओळखायला रंगवतात. दवाखान्यात सुईने रक्त काढतात तेव्हा ते शिरेतूनच काढतात ना? ट्यूबमध्ये हवा नसते. मग ते निळं दिसायला हवं.”

टेबलावर कोणी जेवत नव्हतं. काकांचा हात अजून तसाच पुढे होता. मी चुलतभावाकडे वळले. तो हेच शिकत होता. त्याने माणसं चिरून पाहिली होती.

“दादा, तू सांग. रक्त निळं असतं का?”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. मग ताटातला भात गोळा करत म्हणाला, “पप्पा म्हणतात तसंच समज.”

“समज म्हणजे? असतं की नसतं?”

“जेव ना तू.”

काका रागावले की गावची बोली बाहेर यायची. खुर्ची मागे सारत ते उठले. “माका शिकवतंस गो? ज्या घरात जेवतंस, त्याच घरात माका शिकवतंस?” आणि बाबांकडे वळून, “हेच शिकवलंस हिला?”

बाबा म्हणाले, “माफी माग.”

“मी काय चुकीचं बोलले?”

“माफी माग म्हणतो ना.”

“रक्त लालच असतं, बाबा.”

बाबांनी मला सगळ्यांसमोर मारलं. एकच थप्पड, पण कानावर बसली. काकी म्हणाली, “जाऊ द्या हो, जेवून घ्या, मासे गार होतायत.” मी उठले, जिन्यात जाऊन उभी राहिले. आतून वाटी-चमच्यांचे आवाज येत होते. ते सगळे परत जेवायला बसले होते. आईसुद्धा.

परत येताना मेट्रोत आई माझ्याशेजारी बसली. घाटकोपर यायच्या थोडं आधी तिने हळूच विचारलं, “तुझंच खरं ठरलं ना? भरलं पोट?”

मी म्हटलं, “नाही. त्यांनी मान्य केलं नाही.”

आईने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कॉटखालची जागा रिकामी होती. मी मागून घेऊन, कापून, क्रमाने लावून तिथे ठेवलेले सगळे फर्मे बाबांनी रद्दीत दिले होते.

“का दिले?”

“कारखान्याचा माल होता तो. कोणी चोरीचा म्हणालं असतं, तर?”

“इतकी वर्षं डब्यांखाली घातलात, तेव्हा चोरीचा नव्हता?”

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर त्यांनी घरात एकही छापील कागद आणला नाही. फडताळात आईने प्लॅस्टिक अंथरलं.

मी बोरिवलीला जाणं बंद केलं. आधी क्लासचं कारण, मग कॉलेजचं, मग कारणही दिलं नाही. वाचनालयात मात्र रोज जायचे. वर्तमानपत्रवाल्या आजोबांपैकी एक जण एकदा म्हणाले, “पोरी, घरी आई-बाप नाहीत का तुला?” मी म्हटलं, “आहेत, म्हणून तर इथे येते.” बाईंकडून एकेक कपाट मी वाचून काढलं. शरीर, कायदा, इतिहास, खडक, जे मिळेल ते. आता समोर काका नव्हते, तरी प्रत्येक पुस्तक मी त्यांच्याशी भांडतच वाचायचे. ते काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन. ते मनातल्या मनात दर वेळी हरायचे. त्याने काहीच व्हायचं नाही. पुढच्या पुस्तकात ते परत ताठ मानेने बसलेले असायचे.

आता मी अंधेरीला एका ऑफिसात काम करते, शाळेच्या पुस्तकांचा मजकूर तपासते. चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. मागच्या हिवाळ्यात चुलतभावाचं लग्न झालं. आई म्हणाली, “एकदा ये, लोक काय म्हणतील,” म्हणून मी रिसेप्शनला गेले. स्टेजवर फोटो काढून झाल्यावर तो खाली उतरला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “ते त्या दिवशीचं... तू बरोबर होतीस. मला माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही संध्याकाळी निघून जाणार होतात. मला त्याच घरात राहायचं होतं.”

उत्तर खरं होतं, ते मला कळलंही. तरी मी त्याला “ठीक आहे” म्हटलं नाही. शुभेच्छा दिल्या आणि पुढे गेले.

काका दाराशी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांत उभे होते. थकले होते, पण आवाज तोच. मला बघताच त्यांनी खांद्याला धरून पुढे ओढलं.

“ही आमची पुतणी. पुस्तकांच्या लायनीत आहे. लहानपणापासून वाचायचं वेड. ते कोणी लावलं माहितेय? मी. दर रविवारी जेवताना प्रश्न विचारायचो. मुलांना अशी सवय लावावी लागते.”

माणसांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाले, “वा, असे काका मिळायला हवेत.”

मी म्हटलं, “काका, मी तुमच्याविरुद्ध वाचत होते.”

काका मोठ्याने हसले. “बघा, विनोदी पण आहे!” आणि सगळे हसले. बाबा शेजारीच उभे होते, नवा सदरा घालून. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “खरंय. भाऊमुळेच शिकली ती.”

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी बाबांना विचारलं, “असं का म्हणालात?”

“घेऊ दे की त्याला श्रेय. म्हातारा झालाय. तुझं काय जातं?”

“माझं जातं.”

“तू ना, लहान होतीस तशीच राहिलीस,” बाबा म्हणाले आणि रिक्षात आईपलीकडे जाऊन बसले. आईने वाटेत डब्यात आणलेली जिलबी पुढे केली, ती दोघांनीही घेतली नाही.

मी अजून रोज वाचते. पेन्सिल घेऊन बसते आणि लिहिणारा कुठे चुकतोय ते बघत जाते. ऑफिसातली एक मुलगी म्हणते, “असं वाचून मजा काय येते?” मजा येते की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पण चूक सापडली, की हात आपोआप समासाकडे जातो आणि रेघ इतकी जोरात ओढली जाते, की कधी कधी कागद फाटतो.