मडक्यातली गाठ

फोन वाजला की मला आधी वाईटच सुचतं. पुण्यात, मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईला सकाळी साडेदहाला गावाकडचा फोन आला, तर तो कशाचा असणार? पण तीन आठवड्यांपूर्वी तो आला तेव्हा मी नेमकी घाबरले नाही. मे महिना संपत आला होता, आणि दर वर्षी याच दिवसांत मोठीमाय फोन करून सांगायची, "दहात नऊ उगवले वं!" पेरणीआधी सोयाबीनचे दहा दाणे ओल्या वाळूत टाकून बी तपासायची तिची रीत. म्हणून पिठाच्याच हातानं फोन कानाला लावला आणि हसत विचारलं, "किती उगवले?" पलीकडे तिचा मुलगा, सुधाकरभाऊ होता. तो म्हणाला, "माय गेली वं. न्याहारी करून ओसरीत टेकली, ते उठलीच नाई."

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, गिरजाबाई. वरोऱ्यापासून थोडं आत आमचं गाव, कापूस-सोयाबीनचं. गणिताच्या मास्तरांच्या धाकानं मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा घरात सगळे मला बोलून घेत होते. ती एकटी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला वावरात नेलं आणि फवारणी झालेल्या पिकाच्या ओळींमधून पुढे चालायला लावलं. "वरून काय पाह्यतं? वाकून पाह्य," एवढंच म्हणाली. मी स्वभावानं घाबरट. कडी लावली का, चूल विझवली का, तीन-तीनदा बघणार. घरचे हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. पोट्टी पाह्यते तं खरी." मला आयुष्यात शाबासकी मिळाली ती एवढीच, पण पुरून उरली.

साडेसहा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या छातीत लिंबाएवढी गाठ निघाली. मी सुट्टी टाकून गावी गेले आणि उपचार संपेपर्यंत राहिले. चंद्रपूरच्या दवाखान्यात आधी सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासला. तो रिपोर्ट मी इतक्या वेळा वाचला की घडीवर फाटला. कळत काही नव्हतं, म्हणून डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, गाठीच्या पेशींवर काही प्रथिनं असतात, ती म्हणजे पेशीच्या अंगावरच्या खुणा. बायकांच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसणारी गाठ असेल तर एक खूण दिसते, मग ते हार्मोन तोडणारी गोळी चालते. आणखी एका खुणेसाठी वेगळं इंजेक्शन असतं. मोठीमायच्या गाठीवर यातली एकही खूण नव्हती. म्हणजे गोळी नाही, इंजेक्शन नाही. आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, एवढंच हातात होतं.

केमोच्या त्या महिन्यांबद्दल लोक कुजबुजत बोलतात. आमच्या घरात मात्र तेव्हा जितकं हसू झालं तितकं एरवी कधी झालं नसेल. केस गेल्यावर तिनं नातवाची क्रिकेटची टोपी उलटी घातली आणि तशीच पारावर जाऊन बसली. कोणी हळहळायला आलं की विचारायची, "काऊन, मी कप्तान दिसून नाई राह्यली का?" तोंडाची चव गेली होती, तर मी केलेलं वरण चाखून म्हणायची, "आज चांगलं झालं वं, कशाचीच चव लागून नाई राह्यली!" उलट्या व्हायच्या, पायाला मुंग्या यायच्या, ते सगळं होतंच... पण ते आता आठवायला बसलं की टोपीच आधी आठवते.

ऑपरेशन झालं. लिंबाची गाठ बोराएवढी उरली होती. मॅडमनी पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या आणि म्हणाल्या, आता वाट बघायची. आम्ही उठलो. मोठीमाय मात्र खुर्चीतच.

"मॅडम, एक विचारू का? आमच्या सोयाबीनात आम्ही तणनाशक मारतो. सारं तण जळते, केना तेवढा उरते. पुन्हा तेच औषध मारलं तं केना हसते आमच्यावर. म्हणून मारल्यावर वाकून पाहा लागते, उरलं ते काय होय. आता हे बोराएवढं उरलं, याले पाह्यलं का कोणी? तो कागद तं औषध माराच्या आधीचा आहे ना."

डॉक्टरला असं कोणी विचारतं का! मी तिच्या पदराला धरून ओढत होते. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आजी, बरोबर आहे तुमचं. केमोनंतर कधीकधी या खुणा बदललेल्या दिसतात. नेहमी नाही. बहुतेक वेळा पहिल्यासारख्याच असतात. पण पुन्हा तपासता येतात." फक्त ती तपासणी नागपूरच्या लॅबमध्ये करावी लागणार होती. उरलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या चौकोनी वडीत बसवून ठेवलेला होता. तो आम्हीच न्यायचा.

वैशाख पौर्णिमा जवळ आली होती. आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. वडी घेऊन घरी आलो आणि माझी नजर बुद्धमूर्तीजवळच्या फळीवर गेली. तिथे वंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्या नुसत्या उकाड्यानं कमरेत वाकल्या होत्या. मेणबत्तीची ही गत, मग वडीचं काय होणार? मेण वितळलं, तुकडा खराब झाला, आतल्या खुणाच पुसल्या गेल्या तर? दुसरी गाठ कुठून आणणार? मी एक छोटं मडकं घेतलं, त्यात ओली वाळू भरली, वडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मधोमध पुरली आणि वरून पांढरं ओलं फडकं बांधलं. सुधाकरभाऊ म्हणाला, "हे काय करून राह्यली वं?" मोठीमाय म्हणाली, "करू दे तिले."

सकाळच्या एसटीला पाय ठेवायला जागा नव्हती. मी मडकं छातीशी धरून चढले, मागून मोठीमाय. आणि काय सांगू, बसमध्ये एकदम शांतता झाली. एका माणसानं उठून हात जोडले आणि आम्हा दोघींना जागा करून दिली. त्याच्या मागच्यानं गुटख्याची पुडी खिशात टाकली. मला काही उमगेना, मला वाटलं आजारी बाई बघून उठले असतील. मडकं मांडीवर घेऊन बसले, तेवढ्यात शेजारची म्हातारी मडक्याला हात लावून, तो कपाळाला टेकवून, हळूच विचारती झाली, "कोणाच्या वं बाई?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पांढरं फडकं बांधलेलं मडकं... त्यांना त्यात अस्थी वाटल्या होत्या! मोठीमाय खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं मान वळवली आणि उलट्या टोपीखालून अगदी गंभीरपणे सांगितलं, "माह्या."

म्हातारी अशी मागे सरकली की तिची थैली सांडली. कंडक्टर म्हणाला, "आजी, मंग तुमचं तिकीट काढू का नको?" मग सगळी बस जी हसली, ती थेट नागपूरच्या अलीकडच्या बुटीबोरीच्या थांब्यापर्यंत हसतच होती. मोठीमायनं पूर्ण बसला केना, तणनाशक आणि बोराएवढी गाठ समजावून सांगितली. उतरताना त्या म्हातारीनं तिच्या हातावर चार बोरकूटच्या पुड्या ठेवल्या.

लॅबमधल्या माणसानं फडकं सोडलं आणि आपल्या सगळ्या सोबत्यांना हाक मारली. "ताई, हे मेणबत्तीचं मेण नाही, कडक असते. एवढ्या उन्हात हे वितळलं तर त्याआधी आपण वितळू," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानं वडी पुसून घेतली ती दोन्ही हातांनी, एवढं मी पाहिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. कडी रोज पाच वेळा बघत होते. रिपोर्ट आला, मॅडमनी वाचला, पुन्हा वाचला. उरलेल्या गाठीतल्या काही पेशींवर हार्मोनची खूण दिसत होती. सगळ्यांवर नाही, पण होती. केमोनं ती बदलली, की पहिल्यांदा सुईत आलेला तुकडाच गाठीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला होता, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. गोळीनं हमखास गुण येईल असंही नाही. पण आता गोळी देता येणार होती. मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं. "पाह्य," ती म्हणाली, "केना निघाला."

रोज सकाळी वंदना झाली की एक गोळी, मग चहा. अशी सहा वर्षं. त्या सहा वर्षांत तिनं नातवाच्या वरातीत गुडघे दुखेपर्यंत नाच केला, मोहर्लीच्या जंगलात जाऊन वाघ पाहिला आणि "आमच्या बैलापेक्षा रोडच आहे" असा शेरा मारला. गाठ परत आली नाही. गेली ती हृदयानं, पोटभर न्याहारीवर. त्या गोळीनंच सहा वर्षं दिली का, हे मला सांगता येणार नाही. मी आठवीपर्यंत शिकलेली. पण विचारायला ती खुर्चीत बसून राहिली, म्हणून कोणीतरी वाकून पाहिलं, एवढं मला ठाऊक आहे.

गावी पोचले तेव्हा अस्थी एका नव्या मडक्यात बांधून ठेवल्या होत्या. आमचं जुनं मडकं चुलीमागे होतं, त्यात ओली वाळू. ती गेली त्याच्या आदल्याच दिवशी तिनं दाणे टाकले होते. मी त्यावर पाणी शिंपडत राहिले. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना, होईपर्यंत बोटभर रोपं वर आली. "आठ," मी सुधाकरभाऊला सांगितलं. "बी चांगलं आहे, पेरा." आणि ते मडकं मागून घेतलं.

परतीच्या गाडीत उन्हानं पाणी सुकू नये म्हणून मी त्यावर पांढरं ओलं फडकं टाकलं होतं, बांधलं नव्हतं. समोरच्या बाईनं पाय आवरून घेतले, हात जोडले. मग हळू आवाजात विचारलं, "कोणाच्या हो, ताई?"

मला रडू यायला हवं होतं. "माझ्या मोठीमायच्या," म्हणाले, आणि हसत हसत फडकं उचललं.

मडकं आता मेसच्या खिडकीत आहे. आठ रोपं उन्हाकडे झुकली आहेत. उरलेले दोन दाणे एव्हाना कुजले असतील, मला कळतं. तरी पोळ्यांना बसण्याआधी त्या जागेवर थोडं पाणी शिंपडते... आणि वाकून पाहते.