कागदावरचं वय आणि गौतमदादा

गौतमदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेट्रोल पंपावर रांगेत होते. स्कूटीची सीट उघडून ठेवलेली, मागच्याचा हॉर्न सुरू आणि पर्समधला फोन वाजून वाजून थांबलेला. गाडी बाजूला घेऊन मी वहिनीला फोन लावला. "शोभा, तुहा दादा गेला वो," एवढंच ती म्हणाली. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच... चहा अर्धा पिऊन झाला होता म्हणे. पंपावरचा माणूस "मॅडम, टाकायचं ना?" असं दोनदा विचारून गेला. लोक म्हणतात, अशा वेळी घरी पोहोचेपर्यंत रडू येत नाही. मला तिथंच आलं, चारचौघांत, आणि मी ते येऊ दिलं.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. गौतमदादा माझा आतेभाऊ, सिंदी रेल्वे या गावचा. आत्याचे मालक रेल्वेत होते, त्यामुळं त्याचा जन्म दवाखान्यातला, तारीख पक्की, शिक्षणही नीट झालेलं. बँकेतली चांगली नोकरी मुदतीआधी सोडून त्यानं कसल्याशा परीक्षा दिल्या आणि वर्ध्याजवळ पिपरी मेघेत घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. बाहेर पाटी लावली, 'निवृत्ती नियोजन सल्लागार'. सुरुवातीचे काही महिने तिथं हयातीच्या दाखल्यावर सही मागणारे म्हातारे तेवढे येत. दादा त्यांना पाणी देई, खुर्ची देई आणि समजावून सांगे की बाबा, मी पेन्शनीच्या आधीचा माणूस आहे, नंतरचा नाही. त्यांना ते काही कळत नसे. ते पाणी पिऊन, आशीर्वाद देऊन जात.

आमच्या नात्यात मात्र त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. हा माणूस सल्ल्याचे पैसे घ्यायचा. आमच्याकडं नात्यातला डॉक्टर फुकट तपासतो, नात्यातला वकील फुकट कागद वाचतो, आणि हा सख्ख्या साळ्याला पावती फाडून देतो, यावर लग्नाच्या पंगतीत चर्चा व्हायची. साळा वर्षभर बोलला नाही. मी दादाला एकदा तोंडावर विचारलं, की तुला लाज कशी वाटत नाही? तो हसला. "जो फुकट सांगते ना शोभा, तो काहीतरी विकून राह्यला असते. मी तुह्याकडून पैसे घेतले, की मले तुले काही विकायची गरज नाई." मला ते पटलं नाही. पण पुढं माझीच वेळ आली तेव्हा पाकीट घेऊन मी त्याच्याच दारात उभी होते, आणि त्यानं ते निमूट घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मी सूतगिरणीच्या ऑफिसात कारकून होते. पेन्शन म्हणाल तर नावाला. जे काही मिळणार होतं ते एकदाच, निवृत्तीच्या दिवशी. त्या रकमेचं काय करायचं हे माझं कधीचंच ठरलं होतं. घरावर मजला चढवायचा. आमच्या पिपरी मेघेत हा रोगच आहे. रिटायर झालेला प्रत्येक माणूस आधी वरचा मजला बांधतो, मुलासाठी. मुलगा पुण्यात नाहीतर बंगलोरला. बाहेरून जिना, वर दोन खोल्या, संडास-बाथरूम, बाल्कनीला स्टीलचे कठडे आणि दाराला कुलूप. दिवाळीला कुलूप उघडतं, झाडझूड होते, चार दिवस माणसं राहतात, मग पुन्हा कबुतरांचं राज्य. माझ्या गल्लीत असे सात-आठ मजले होते आणि ते बघूनही मला माझा हवाच होता. घर बांधताना कॉलमच्या सळया मी मुद्दाम गच्चीवर उंच ठेवून घेतल्या होत्या.

माझे मालक गेले तेव्हा निखिल चौथीत होता. तेव्हापासून मी एकच आडाखा बांधून जगत आले, पोराचं झालं की आपण मोकळे. त्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. आता हा मजला झाला की संपलं. हे मी दुःखानं म्हणत नव्हते, स्वयंपाक आटोपून ओटा पुसावा तितक्या सहज म्हणत होते. तेच दादाला सांगितलं.

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "तूच भर," म्हणाला. पहिल्या चौकटीत वय विचारलं होतं. मी अठ्ठावन्न टाकलं.

"हे खरं का कागदावरचं?"

"कागदावरच्यावरच तर रिटायर करून राह्यले मले."

"रिटायर कागद होते. जेवणारी तू हायेस ना?"

माझ्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जुलैला असायचा. गुरुजी दाखला करताना पोराकडं बघून अंदाजानं वय धरत आणि शाळा सुरू होण्याची तारीख लिहून मोकळे होत. मी दादाला म्हटलं, खरं वय आता विचारायचं कुणाला, माय-बाबा तर गेले. ते राहू दे, पुढचं बघ. पुढं शेवटी एक चौकट होती, किती वर्षांपर्यंतची सोय करायची. मी सत्तर टाकलं. दादानं हात लांब करून ते खोडलं आणि नव्वद टाकलं. त्याबरोबर माझ्या मजल्यासकट सगळे आकडे लाल झाले.

"नव्वद?" मी भडकलेच. "इतके वर्षं मी एकटी करू काय?"

दादा म्हणाला, "ते तू ठरव. मले तोवर तुही भाजी-पोळी पुरवायची हाय." आणि लॅपटॉप मिटून म्हणाला, "रविवारी तयार राहजो. मायकडं जाऊ. वय काढू तुहं."

सिंदीला आत्या ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. पंच्याऐंशीच्या आसपासची, पण कान आणि तोंड दोन्ही शाबूत. दादानं विषय काढताच तिनं सूपही खाली ठेवलं नाही. "शोभी? शोभी तान्ह्या पोळ्याची. गौतम तवा दुसरीत होता. याचा लाकडी नंदी सजवून दारात ठेवला होता, अन् भावाचा निरोप आला का पोरगी झाली. मी याले अन् नंदीले, दोघांयले घेऊन गाडीत बसलो. घरोघरी नंदी नेला असता त खाऊ भेटला असता, पैसे भेटले असते. तो बोजारा बुडाला म्हणून हा वर्धेपर्यंत रडत गेला."

"मग कागदावर जास्ती काऊन लागलं?" दादानं विचारलं.

"तिची माय वावरात जाये. पोरगी सांभाळाले कोणी नाई, म्हणून तिच्या मोठ्या भावासंग शाळेत बसवली. होती चार वर्षाची. मास्तरनं सहा लिवले."

दादानं स्वतःच्या दुसरीपासूनची वर्षं बोटांवर मोजली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "छप्पन्न."

परतताना सेलू येईपर्यंत मी तेच बोटांवर मोजत होते. मग मला हसू फुटलं, थांबेचना. खरं सांगते, मला आनंद झाला होता. गणित तर आणखी बिघडलं होतं, तीच रक्कम दोन वर्षं जास्त पुरवायची होती, आणि मी गाडीत बसून पोरीसारखी हसत होते. हसता हसताच माझ्या लक्षात आलं, की दोन वर्षं वाढली म्हणून जिला इतकं बरं वाटतं, ती सत्तर पुरे म्हणाली कशी? मला जगायचं होतं. हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. दादानं बाजूच्या सीटवरून रुमाल पुढं केला. तोवर हसण्याचं काय झालं होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

राहिला निखिल. मला वाटत होतं तो नाराज होईल. रात्रभर शब्द जुळवून मी सकाळी त्याला फोन केला, की बाबा, वरचा मजला काही आता होत नाही. तो म्हणाला, "आई, मी तो मागितला कधी?" आणि मग त्यानं मला पुण्याच्या पावसाचं सांगायला सुरुवात केली.

पुढची पाच वर्षं चांगली गेली, हे इथं लिहून ठेवते. मी स्कूटी शिकले. दोनदा पडले, तेही दादाच्याच दारात. गिरणीतल्या मैत्रिणींबरोबर अजिंठ्याला जाऊन आले, सांचीला जाऊन आले. गच्चीवरच्या सळयांना दोरी बांधली आणि त्यांवर दोडक्याचा वेल चढवला. दादा-वहिनी रविवारी संध्याकाळी वर येऊन बसत. दादा वेलाखाली खुर्ची टाकून म्हणायचा, "पाह्य, चढवला का नाई मजला?" तो दरवर्षी माझे आकडे तपासायचा आणि दरवर्षी पावती द्यायचा. मी दरवर्षी कुरकुरायची. आमचं छान चाललं होतं.

दादा अडुसष्टाव्या वर्षी गेला. जलदानविधीच्या दिवशी मंडपात नात्यातले एकजण शेजारच्याला म्हणाले, "जगाले नव्वद सांगत होता. स्वतःचा हिशेब चुकला." मी वळून बघितलं. काहीतरी तिखट जिभेवर आलं होतं, पण बुद्धवंदना सुरू झाली आणि ते गिळावं लागलं. घरी आले तरी ते वाक्य काही जाईना. इतकी वर्षं माणसानं स्वतःचं मन मारून पैसा राखला असेल आणि तो तसाच राहून गेला असेल, तर मग मला शिकवलं ते तरी बरोबर होतं का? वहिनीला विचारायची सोय नव्हती. दुःखाच्या घरात असलं कुणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले होते. पुढची खोली तशीच आहे. टेबल, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, पंख्याचा तोच खडखडाट. आम्ही तिथंच शेंगा सोलत बसलो होतो, तर समुद्रपूरहून एक जोडपं आलं. माणूस कापसाच्या जिनिंगमध्ये होता, दिवाळीनंतर रिटायर होणार होता. त्याला बातमी माहीत नव्हती. "साहेब हायेत का?" त्यानं विचारलं. वहिनीनं सांगितलं. तो बिचारा इतका ओशाळला की चपलाच सापडेनात. पण वहिनी म्हणाली, "बसा. एवढ्या दुरून बसनं आले. पाणी घ्या. दुसऱ्या एका चांगल्या साहेबांचा नंबर देतो." नंबर लिहून देता देता तिनं विचारलं, वय किती. त्यानं सांगितलं. मग वहिनी त्याच्या बायकोकडं वळली. ती बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"अन् तुमचं?"

बाई हसली. "माह्यं कायले? मी का नोकरीत होतो? रिटायर त हे होऊन राह्यले."

"तुमचंच सांगा," वहिनी म्हणाली. "आमच्या घरी त्यायनं स्वतःचं वय धरलंच नाई. सगळा हिशेब माह्या वयावर केला. म्हणून मी आज कोणाच्या दारात नाई, माह्या घरात बसून हाओ."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या माणसानं बायकोकडं बघितलं, पहिल्यांदाच नीट बघावं तसं. तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली, मागं सरकून खुर्चीला पाठ टेकली आणि आठवायला लागली, "माय म्हणे, मी झालो तवा कापूस वेचणं सुरू होतं..."