एका वेळी एकच गादी: वाशीम जिल्ह्यात पिंजाऱ्याबरोबर दोन दिवस

दिवाळीला दहा दिवस उरले असताना मी वाशीमला निघाले, तेव्हा घरात कोणालाच ते पटलं नाही. वाशीममध्ये बघायला आहे काय, असं चार जणांनी विचारलं आणि चौघांनाही मी तेच सांगितलं, की माहीत नाही, जाऊन बघते. खरं कारण होती शाहीन. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती वाशीमला शाळेत शिकवते. तिचे वडील पिंजारी. गावोगाव फिरून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून देतात. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, बहुतेक हा त्यांचा शेवटचाच हंगाम, असं ती फोनवर म्हणाली. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

नाशिक रोडहून सकाळच्या गाडीने अकोला, आणि अकोल्याहून एसटीने वाशीम. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे एसटीचा प्रवास शंभराच्या आत होतो. रेल्वे वाशीमपर्यंतही जाते, पण वेळा जुळत नाहीत. अकोल्याला उतरून बस पकडणंच सोयीचं. साधारण दोन तास लागतात. या दिवसांत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, आतल्या रस्त्यांवर अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलेलं असतं. गाड्या उरलेल्या अर्ध्यातून जातात आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

शाहीनच्या घरी पोचल्यावर मी तिच्या वडिलांना "रज्जाकचाचा" म्हणून हाक मारली. त्यांचं नाव अब्दुल रज्जाक. चाचांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बेटी, मले अब्दुल म्हन, नाईतर पुरं नाव घे. नुसतं रज्जाक नको म्हनू."

मला वाटलं माझं काही चुकलं. तसं ते चुकलंच होतं. रज्जाक हे अल्लाहच्या नावांपैकी एक. रिज्क देणारा तो रज्जाक. रिज्क म्हणजे अन्न, पण नुसतं अन्न नव्हे. चाचांच्या हिशेबाने झोप रिज्क आहे, शहाणपण रिज्क आहे, वेळेवर भेटलेलं माणूसही रिज्क आहे. जे जे माणसाला जगायला लागतं आणि त्याच्यापर्यंत पोचतं ते सगळं. अब्दुल म्हणजे बंदा, सेवक. म्हणून देणाऱ्याचा सेवक हे माणसाचं नाव होऊ शकतं, पण देणारा हे नाव माणसाला शोभत नाही. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तो जरा काथ्याकूट वाटला.

पहिल्या दिवशी आम्ही केनवडला गेलो. चाचांचा छोटा टेम्पो, मागे पिंजायचं मशीन, ताडपत्र्या, खोळींच्या कापडाचे गठ्ठे, आणि पुढे मी. टेम्पो ते स्वतःच चालवतात. रिसोडपर्यंतचा रस्ता बरा आहे, पुढे मध्ये मध्ये हाडं मोजून घेतो. रिसोडला वीस रुपयांत आलुबोंडा आणि वर तर्रीदार रस्सा मिळाला. नाशिकच्या तिखटाचा मला फार अभिमान होता, तो तिथे उतरला.

रस्त्यात मी चाचांशी वाद घातला. शांत बसणं मला जमत नाही.

"देणारा तोच आहे ना? मग तुम्ही या वयात टेम्पो कशाला पळवता?"

"त्यानं देल्लं ते घ्याले जा लागते ना. कापूस काय चालत येते माह्या दारी?" ते गियर बदलत म्हणाले. "मानसाले वाटते मालक देते, गिऱ्हाईक देते. ते सारे हात हायेत. मी बी हातच हावो. हातानं आपल्याले धनी समजू नये, इतकंच हाय ते."

केनवडच्या बाजाराजवळ एका निंबाखाली त्यांनी ताडपत्री अंथरली आणि तासाभरात सात-आठ गाद्या जमल्या. काम बघण्यासारखं असतं. गादीची एक बाजू उसवायची, सगळा कापूस ताडपत्रीवर काढायचा, आणि मशीनमध्ये घालण्याआधी तो पूर्ण हाताने चाचपायचा. कापसात सुई, टाचणी, खडा काहीही निघतं. लोखंड मशीनमध्ये गेलं की ठिणगी उडते आणि कापूस पेटतो. दुसरा नियम त्याहून कडक. एक गादी पिंजून, भरून, टाके घालून मालकाला परत दिल्याशिवाय दुसरी उसवायची नाही. बायका घाई करत होत्या, एक तर चांगलीच वैतागली, पण चाचांनी ऐकलं नाही. एका घरचा कापूस दुसऱ्या घरी जाता कामा नये. मी दिवसभर कापूस चाचपला आणि संध्याकाळी माझ्या केसांत, कानांत, डब्यातल्या भाकरीतसुद्धा कापूस होता.

दुसऱ्या दिवशी मानोऱ्याकडे. मंगरूळपीर मागे टाकलं की जमीन उंचसखल होते, तुरीची शेतं आणि मधूनच एखादा तांडा. मानोऱ्यात चहा घेऊन आम्ही जवळच्याच एका तांड्यावर थांबलो. चाचा इथे तीस वर्षं येतायत. तांड्यातली निम्मी घरं आवराआवरीत होती, कारण चार दिवसांनी ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ट्रक येणार होता.

दोन जावांनी एकेक गादी आणून ठेवली. थोरली कमलाबाई, पक्क्या घराची, मुलगा यवतमाळला नोकरीला. धाकटी अनुसया, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी, नवऱ्याबरोबर उसाला निघालेली. दोन्ही गाद्या त्यांच्या सासूच्या. म्हातारी मागच्या हिवाळ्यात वारली, वाटणी झाली, एकेक गादी एकेकीला. जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी एकाच ओट्यावर उभ्या राहून दोन दिशांना बघत होत्या.

कमलाबाई आत गेल्यावर अनुसयाबाई माझ्याशी बोलल्या. त्यांची मुलगी पायल दहावीत आहे.

"मोठीबाईनं ठेवून घेतली असती तं पोरगी शिकली असती," त्या म्हणाल्या. "मी इचारलं. त्या नाई म्हनल्या. आता न्या लागते संगं. फडावर पाचटाच्या कोपीत थंडी लय राह्यते, म्हनून गादी पिंजून घेऊन राह्यली."

मला भयंकर राग आला. शेजारी पक्कं घर, मोकळी खोली, आणि पुतणीला दहावीचं वर्ष पूर्ण करायला जागा नाही. अनुसयाबाई पाण्याला गेल्या. चाचा कमलाबाईंची गादी उसवून, कापूस बाहेर काढून, मशीनचा पट्टा बसवत होते. मी रागाच्या भरात दुसरी गादी ओढली. अनुसयाबाईंचं काम तरी लवकर होऊ दे, असं डोक्यात होतं. भराभर टाके उसवले आणि सगळा कापूस त्याच ताडपत्रीवर ओतला.

चाचांनी मागे वळून पाहिलं. ओरडले नाहीत. नुसते ढिगाजवळ बसले आणि चाचपायला लागले. मीही बसले. माझ्याच बोटांना ती पुरचुंडी लागली. जुन्या लुगड्याचा तुकडा, दोऱ्याने गच्च गुंडाळलेला. आत सोन्याची बोरमाळ, काळवंडलेली, पण जड.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी चाचांना हळूच म्हटलं, "ही अनुसयाबाईंच्या गादीतली. त्यांना देऊन टाकू."

"तुले ठाऊक हाय, तिच्याच गादीतली?"

नव्हतं ठाऊक. दोन्ही कापूस एक झाले होते, आणि ते मीच केले होते. तरी मी हटले नाही. एकीकडे सगळं आहे, दुसरीकडे काही नाही. या माळेवर ती बाई यंदा घरी राहू शकेल, मुलगी शाळेत जाईल, कोणाला कळणारही नाही. देव देतो म्हणता ना, मग हे त्यानेच दिलंय असं समजा. मी बरंच बोलले आणि मला ते सगळं बरोबरच वाटत होतं.

"त्यानं देल्लं असन," चाचा म्हणाले. "पन कोनाले देल्लं हे मी ठरोलं, तं मी कोन झालो?"

त्यांनी दोघींना हाक मारली. पुरचुंडी ताडपत्रीवर उघडी ठेवली आणि झालं ते सरळ सांगितलं. दोन्ही कापूस मिसळले, चूक आमची, कोणत्या गादीतली ते सांगता येत नाही. त्यांनी "आमची" म्हटलं. मी मान वर केली नाही.

कमलाबाई माळेकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण आधी अनुसयाबाई बोलल्या, खाली बघूनच.

"थे मोठीबाईचीच हाय. बुढी शेवटी त्याईच्याच घरी होती, त्याच गादीवर. चार महिने हागनंमुतनं त्याईनंच केलं. मी तं उसात होती. माह्यानं काईच झालं नाई."

कमलाबाईंनी माळ उचलली, पदराच्या टोकाला बांधली, ते टोक कमरेला खोचलं आणि आत निघून गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. एवढी उघड गोष्ट आणि एवढ्या सहज हातची गेली, असं वाटत होतं. चाचांनी ढिगाचे दोन भाग केले, दोन्ही अंगणातल्या वजनकाट्यावर टाकून सारखे करून घेतले आणि पहिला भाग मशीनमध्ये सोडला.

दोन्ही गाद्या भरून टाके घालत होतो तेव्हा कमलाबाई चहा घेऊन आल्या. चार कप. चौथा त्यांनी अनुसयाबाईंपुढे ठेवला.

"वर्षभर तोंडातून एक शब्द नाई काढला तू," त्या म्हणाल्या. "मले वाटे इले दिसलंच नाई."

"दिसत होतं," अनुसयाबाई म्हणाल्या.

कमलाबाई वळता वळता म्हणाल्या, "पायलचं दप्तर इकडं आनून ठेव. अन् हे गादी बी तिच्यासाठी राहू दे. तुमी दुसरं काई घेऊन जा."

अनुसयाबाईंनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. त्या रडत होत्या आणि तरी चहा पीत होत्या.

त्यानंतर आम्ही पोहरादेवीला गेलो. मोठं तीर्थस्थान आहे, गर्दी नसताना जाल तर शांतपणे दर्शन होतं, जेवणही स्वस्तात मिळतं. चाचा बाहेर टेम्पोत थांबले, त्यांचे गुडघे दुखत होते. मी दर्शन घेऊन आले, आम्ही ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि अंधार पडायच्या आत वाशीमला परतलो. रस्ताभर मी एकही वाद घातला नाही.

दोन दिवसांचा माझा खर्च, जाणंयेणं धरून, दोन हजारांच्या आत झाला. शाहीनचं घर नसतं तर लॉजचे वेगळे. वाशीममध्ये बसस्थानकाजवळ साधे लॉज आहेत. थंडीच्या सुरुवातीला गेलात तर हवा सुरेख असते.

घरी आल्यावर आठवडाभर मी हाच विचार करत होते. चाचांचं वागणं मला पटलं ते शेवट गोड झाला म्हणून, असं माझ्या लक्षात आलं. मग मी त्यांना फोन केला आणि विचारलं, कमलाबाई माळ घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नसत्या तर?

"तं नसत्या आल्या," ते म्हणाले. "मले तेवढंच करायचं होतं, बेटी."

हे उत्तर मला अजून पूर्ण पचलेलं नाही. अनुसयाबाई उसातच आहेत, कोपीत, थंडीत, आणि बोरमाळ कमलाबाईंकडे आहे. पायल शाळेत जाते. एवढं मात्र मला नीट ठाऊक आहे, की माझ्या मनासारखं झालं असतं तर मी ती माळ अनुसयाबाईंच्या ओंजळीत गुपचूप ठेवली असती, पायल आईबरोबर उसात गेली की नाही याची चौकशीसुद्धा केली नसती, आणि घरी येऊन इथे तुम्हाला सांगितलं असतं, की मी दिलं.