पालकसभेत मी हात वर केला

मंडळी, सकाळची गोष्ट आता संध्याकाळी लिहितोय, माफ करा. मोबाइलवर एकेक अक्षर शोधावं लागतं.

मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेत, म्हणून दहावीतल्या नातीचा पालक मीच. आज शाळेतल्या सभेत नर्सबाई म्हणाल्या, "वरच्या वर्गांना गर्भधारणा कशी टाळायची हे शिकवायचं का? आणि त्याची साधनं शाळेत ठेवायची का?"

शेजारचे किसनराव बोलले, "पोरींना शाळेत ह्ये शिकवायचं? त्यापेक्षा लगीन लावून मोकळं व्हा!"

मोठ्या नातीचं आमी तेच केलतं. पोरगी मागं आई-बापाविना नको म्हणून ऊसतोडीला जायच्या आधी लग्न लावलं. सतराव्या वर्षी बाळंतपणात मरता मरता वाचली. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. आता मुलगा धाकटीलाही स्थळ बघतोय.

मी उठलो. "किसनराव, लगीन लावून बघितलंय आमी. धाकटीला तरी शिकू द्या." असं म्हणून शिकवायच्या बाजूनं हात वर केला. मागच्या दोन बायांनीही हात वर केले.

घरी नात म्हणाली, "आबा, तुमी सभेत बोललात म्हणं?"

"बोललो. तुझ्या बापालाही उद्या फोनवर सांगतो, स्थळ बघू नको म्हणून."

ती हसली आणि पुस्तक घेऊन बसली. आज मी पोटभर जेवलो.

साधनं शाळेत द्यावीत की दवाखान्यात, हे मात्र मला ठरवता येईना. तुमच्याकडं काय करतात? पुढच्या सभेत मला पुन्हा विचारतील, तेवढं लवकर कळवा.