देवापुढं बसलेलं नोझल

आता स्वतःच्या फजितीचं काय कौतुक सांगायचं! पण चहा आलाच आहे, तर घ्या ऐकून.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. तिथल्या उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये आगीच्या पंपाची देखभाल माझ्याकडे होती. आणि देखभाल म्हणजे कशी? दर शनिवारी पंप चालवून बघणार, होज पाइप सावलीत वाळवणार, वायसर स्वतःच्या हातानं बदलणार. पाइपच्या तोंडाला लावायचं पितळी नोझल तर चिंचेनं असं घासायचो की त्यात बघून दाढी करावी!

सेठजींनी सांगून ठेवलं होतं, सेफ्टी इन्चार्जची नवी जागा विश्वकर्मा पूजेच्या दिवशी जाहीर करणार. माझ्याशिवाय होतं कोण? मी तर बायकोला सांगूनही टाकलं होतं.

त्या दिवशी मिलमध्ये सगळी हत्यारं देवापुढं मांडतात. पाने, हातोडे, ग्राइंडर, सगळं. मी म्हटलं, माझंच नोझल काय म्हणून मागं राहावं? पाइपवरून काढलं, चकचकीत केलं, हळदकुंकू वाहून मधोमध मांडलं. वर सगळ्यांना दम भरला, "उद्या सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही!"

आरती झाली आणि पंख्याच्या वाऱ्यानं मंडपाचा पडदा दिव्यावर आला. झालं! पडदा पेटला. त्याच्या मागं ऑइलचे ड्रम. लोक ओरडत बाहेर पळाले.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश झालो! सेठजींच्या डोळ्यांदेखत अशी संधी पुन्हा कधी मिळणार?

"बाजूला व्हा सगळे! वानखेडे, पंप चालू कर!"

पंप पहिल्याच झटक्यात सुरू झाला. होणारच, देखभाल कोणाची! मी पाइपचं टोक धरून ऐटीत उभा राहिलो. तेवढ्यात आमचा स्टोअरकीपर वानखेडे पंपाजवळून ओरडला, "भोयर भाऊ, नोझल काहून नाही लावलं?"

नोझल तर देवापुढं मांडलेलं! देवाजवळ आमचा वेल्डर दुकालू उभा होता.

"दुकालू, वो नोझल फेक इधर! जल्दी!"

त्यानं हात जोडले. "नहीं साहब. आपने ही बोला था, कल सुबह तक छूना नहीं है."

"अरे बाबा, मीच सांगून राहिलो ना तुले!"

"पाप लगेगा साहब."

मी पुढं काही बोलणार, तोवर पाणी आलं. नोझल नसलेल्या पाइपचं पाणी कधी पाहिलंय? लांब जातच नाही. आणि पाइप असा उसळला की मी एकीकडे आणि तो दुसरीकडे! सेठजींचा पांढरा सफारी, पंडितजी, बुंदीची परात, सगळ्यांना आंघोळ झाली. कोरडी राहिली ती फक्त आग.

तेवढ्यात कँटीनच्या दुलारी दीदी दोन बायकांना घेऊन धावत आल्या. तिघींनी भंडाऱ्याच्या पंगतीसाठी केलेल्या कढीचा अख्खा गंज उचलला आणि पडद्यावर ओतला. फस्स! आग विझली. ड्रम वाचले, मिल वाचली.

सेठजी सफारीची बाही पिळत माझ्याजवळ आले. "भोयर, पंप तुम्हारा एकदम फर्स्ट क्लास है."

माझी छाती जरा फुगली.

"लेकिन सेफ्टी इन्चार्ज आज से दुलारी दीदी. तुम इनके नीचे काम सीखो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्या लागल्या. मग पंगत बसली. दोनशे माणसं कोरडा भात गिळत माझ्याकडे बघत होती.

जेवण उरकल्यावर नव्या इन्चार्ज कमरेला पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"भोयर भैया, पहिले नोझल लगा."

"हव दीदी."

त्यांनी कढीचा रिकामा गंज माझ्यापुढं सरकवला. "फेर ये गंज ला मांज. चिंच मैं देथंव."