तिसऱ्या सीझनचा पाचवा भाग

शिरूरला माझी खानावळ आहे. कारखान्यांत कामाला असलेली मुलं दोन्ही वेळ जेवायला येतात. दुपारचं आवरलं की संध्याकाळच्या पहिल्या पंगतीपर्यंत हॉल रिकामा असतो. त्या वेळात मी भाजी निवडते, दुसऱ्या दिवशीच्या सामानाची यादी करते, आलेल्या-गेलेल्याचं बघते. मॅचसाठी लावलेला मोठा टीव्ही त्या वेळात माझ्या मुलीच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या ताब्यात असायचा.

मैत्रीण म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरातली. दोघी बारावीला, एकाच वर्गात. तिच्या घरी दहावीनंतर मुलीच्या हातात मोबाइल द्यायचा नाही असा नियम होता, आणि टीव्ही वडिलांच्या बातम्यांसाठी होता. म्हणून ती खाली यायची. मला काकू म्हणायची. रिकामी कधी बसायची नाही. मेथीची जुडी पुढ्यात ओढून घ्यायची आणि नजर टीव्हीवर ठेवून पानं खुडायची. तिनं निवडलेल्या मेथीत मला कधी काडी सापडली नाही.

त्या दोघी एक रहस्यमालिका बघत होत्या, परदेशी, पण हिंदीत बोलणारी. डोंगरातली शाळा, वसतिगृह, एक मुलगी नाहीशी होते आणि तिच्या मैत्रिणी तिला शोधतात. पहिला सीझन मीही जवळजवळ सगळा बघितला. मुली गणवेशात असायच्या, वहीत नोंदी करायच्या, वॉर्डनला चुकवून टॉर्च घेऊन फिरायच्या. शोधण्याची पद्धत मला पटायची: कोण कुठे होतं, कोणी काय सांगितलं, त्यात कुठे मेळ बसत नाही. शेवटी ती मुलगी मेलेली सापडते. दोघी इतक्या रडल्या की मला मधेच चहा करावा लागला.

दुसऱ्या सीझनमध्ये शाळा कमी झाली. तिसऱ्यात शाळेत कोणी जाईचना. सगळ्या एकदम मोठ्या झाल्यासारख्या, ओठ रंगवलेल्या, गाड्यांतून फिरणाऱ्या. आणि मेलेली मुलगी परत आली.

"म्हणजे ही जिवंत होती?" मैत्रीण भडकलीच. "मग आपण रडलो ते काय फुकट?"

"आधी बघ तरी," माझी मुलगी म्हणाली.

"काय बघू? लोकांना आवडली म्हणून उठवून बसवलीय तिला. काकू, तुम्हाला पटतं का हे?"

लवकर जेवायला आलेला बिहारचा एक मुलगा हात धुता धुता म्हणाला, "आंटी, असली खूनी तो वो..."

"ए, चूप!" दोघी एकदम ओरडल्या. तो हसत ताट घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

शिव्या देत का होईना, त्या रोज बघत होत्या. चांगली गोष्ट अशी का बिघडवली, याच्यावर मैत्रीण तासभर बोलू शकायची. तिला पुढे शिकायचं होतं. नर्सिंगचं तिच्या डोक्यात होतं आणि त्याला काय काय लागतं हे तिनं मला विचारून ठेवलं होतं.

पाचव्या भागाला तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, खाली आल्या. घराची किल्ली द्यायला आल्या होत्या. नेमकं तेव्हाच पडद्यावर एक मुलगा आणि एक मुलगी गाडीत होती. शेजारी बाटली, काचा वर केलेल्या, आणि पुढे जे काय चालतं ते चालू होतं. वहिनी दारातच थांबल्या.

"हे बघायला येती व्हय गं हितं?"

"आई, हे आत्ताच आलं."

"व्हय, मी आल्यावरच आलं."

मी म्हणाले, "वहिनी, ती खुनाची गोष्ट आहे. शोधतात त्या मुली."

"मला न्हाई दिसला खून कुठं, ताई. मला दिसायचं ते दिसलं."

पहिल्या सीझनच्या कोणत्याही दिवशी त्या आल्या असत्या तर त्यांना वह्या घेऊन बसलेल्या शाळकरी मुली दिसल्या असत्या. पण त्या आल्या तिसऱ्यात. मैत्रीण निवडलेली मेथी तशीच ठेवून आईच्या मागे वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला आली नाही. त्यानंतरही नाही. वहिनींनी जिन्यात भेटल्यावर सांगितलं, "मामाकडं गेलीया. मामीला बरं न्हाई." माझ्या मुलीनं लगेच शोध सुरू केला. मैत्रिणीची कॉलेजची सॅक घरातच आहे, सरावपरीक्षा तोंडावर आहे, म्हणजे ती आपणहून गेलेली नाही. मी तिला म्हणाले, सॅक बघायला लोकांच्या घरात डोकावू नको. पण मेळ मलाही बसत नव्हता.

मग मामीच्या फोनवरून फोन आला. मैत्रीण हळू बोलत होती. आईनं मामाला सांगितलं, मामानं स्थळ आणलं. पाहुणे बघून गेले, पसंती झाली. रविवारी साखरपुडा, लग्न उन्हाळ्यात, तारीखही काढलेली. "काकूंना सांग," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

ती सतरा वर्षांची होती. मी वर गेले.

"पाहुणे चांगले हाईत ताई," वहिनी म्हणाल्या. "ऊस हाय, गाई हाईत, पोरगा एकुलता. दौंडात दुकान बी टाकणार हाय म्हणं."

"आणि बारावी?"

"परीक्षा देऊ देतो म्हणलेत. आत्ता नुसता साखरपुडा."

"अठराची कधी होते ती?"

"दिवाळीनंतर. चार-सहा महिन्यांनी काय बिघडतंय? कोण बघतंय?"

"मी बघतेय, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या टीव्हीसमोर बसूनच झालं ना सगळं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "माझी पोरगी काय करंल ह्या काळजीनं मला रात्रभर झोप न्हाई लागली. तुमची सुखानं झोपली असंल."

मी खाली आले आणि अल्पवयीन मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. मुलीचं नाव, वय, मामाचं गाव, लग्नाची तारीख, सगळं सांगितलं. पलीकडची बाई व्यवस्थित बोलत होती. लग्नाआधी आमची माणसं गावात जातील, ग्रामसेवकाला कळवू, आईवडिलांकडून लिहून घेऊ, असं म्हणाली. मी सांगितलं, साखरपुडा या रविवारीच आहे. ती म्हणाली, "साखरपुडा म्हणजे लग्न नाही ना मॅडम. लग्नाची तारीख आम्ही नोंदवून घेतली आहे."

मला ते बरोबर वाटलं. हातात वेळ होता. मधे परीक्षा होती, ती झाली असती. मी मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई, असं सगळं नीट ठरलं ना, की पुढच्या भागात काहीतरी भलतंच होतं."

"ही मालिका नाही," मी म्हणाले.

रविवारचं आमंत्रण आम्हालाही होतं. शेजारच्यांना टाळलं असतं तर बोलणं झालं असतं, म्हणून वहिनींनी ते दिलं. आणि मैत्रीण डोळ्यांनी दिसावी म्हणून आम्ही गेलो. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून वरवंडला रिक्षा, आणि पुढे कालव्याच्या कडेनं मामाच्या वस्तीपर्यंत पाहुण्यांच्याच जीपमध्ये. दोन्ही बाजूंना ऊस, वाटेत तोडणीच्या ट्रॉल्या. जीपमधल्या बायका साड्यांबद्दल बोलत होत्या.

मांडव मोठा होता. साखरपुड्याला आजकाल मोठाच घालतात, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. बँड होता, त्याचंही नाही. आम्ही बायकांच्या बाजूला खुर्च्यांवर बसलो. माझी मुलगी मान उंच करून मैत्रीण दिसते का ते बघत होती. तेवढ्यात एक बाई परात घेऊन रांगेतून फिरत आली आणि तिनं माझ्या हातात अक्षता ठेवल्या.

साखरपुड्याला अक्षता वाटत नाहीत. मी हाताकडे बघितलं, मग त्या बाईकडे.

"हे कशाला?"

"अवं, लगीन लावत्यात की," ती म्हणाली. "सकाळच्याला बैठक बसली. म्हणले दोनदा खर्च कशाला, पाव्हणे बी समदे आलेत, उरकून टाकू. हळद बी लावली मघाशी."

आमच्याकडे ही पद्धत आहे. साखरपुड्यातच लग्न. दोन्हीकडची मोठी माणसं ऐनवेळी बसतात, एक जण म्हणतो उरकून टाकू, बाकीचे माना हलवतात, आणि साध्या पद्धतीनं लग्न केलं म्हणून दोन्ही घरांचं कौतुक होतं. अशी लग्नं मी स्वतः जेवले आहे आणि घरी येऊन चांगलं केलं म्हणाले आहे. शिरूर-दौंडातल्या कोणालाही विचारा, माहीत आहे. फोनवरच्या बाईला माहीत नसेल. मला माहीत असून त्या आठवड्यात ते एकदाही डोक्यात आलं नाही. लग्नाची तारीख म्हटली की मी ती तारीखच धरून बसले.

मी मांडवाच्या मागे, पाण्याच्या टँकरजवळ जाऊन फोन लावला. अक्षता मुठीत तशाच होत्या. या वेळी दुसरं कोणीतरी बोललं. पुन्हा नाव, पुन्हा गाव. दौंडहून माणसं पाठवतो म्हणाले. "लग्न लागलं का अजून?" त्यांनी विचारलं. त्याच वेळी माइकवर कोणीतरी म्हणत होतं, सगळ्यांनी उभं राहावं. मी सांगितलं, लागतंय. पुढचं त्यांना बँडमुळे ऐकू गेलं नाही.

परत येईपर्यंत झालं होतं. माझी मुलगी खुर्चीवर बसून होती, आजूबाजूच्या सगळ्या उभ्या. माइकवर गावातले एक आप्पा भाषण करत होते. "दोन्ही कुटुंबांनी आपल्या तालुक्यापुढं आदर्श ठेवला. हुंडा न्हाई, डामडौल न्हाई. अशा आईबापांचा सत्कार झाला पाह्यजे." शाल आणि नारळ आले. वडिलांनी मान खाली घालून शाल घेतली. वहिनी रडत होत्या. त्या आनंदानं रडत होत्या की कशानं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

फोटोसाठी आम्हाला वर बोलावलं. मैत्रिणीच्या कपाळावर मुंडावळ्या, हात हळदीनं पिवळे. माझ्या मुलीनं तिचा हात धरला आणि सोडेना. फोटोवाला म्हणत होता, "ताई, इकडं बघा, हसा जरा."

मैत्रीण ओठ न हलवता म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं नव्हतं का कुणाला?"

"सांगितलं होतं. लग्नाच्या दिवशी येणार होते."

"मग आजच आहे ना," ती म्हणाली.

माणसं आली तेव्हा शेवटची पंगत उठत होती. एक अधिकारी बाई, ग्रामसेवक आणि एक पोलीस. बाईंनी भर मांडवात विचारलं, "फोन कोणी केला होता?" मी हात वर केला. तिथे लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी नवरीला घरात नेलं, मला दारात उभं राहू दिलं. मामी मुलीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. बाईंनी तिला उठायला सांगितलं. ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"तुझ्या मर्जीनं झालं का?"

माझ्याशी ती कधी गावाकडचं बोलायची नाही, कॉलेजमध्ये हसतील म्हणून. तिनं मामीकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

"वय किती?"

"त्यांना माहीत हाय," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

बाईंनी जबाब घेतले. प्रकरण नोंदवलं गेलं, ते अजून चालू आहे असं मला सांगतात. परत येताना एसटीत, न्हावऱ्याला, माझ्या मुलीनं माझा हात हातात घेऊन उघडला आणि चिकटलेला तांदूळ एक एक काढून खिडकीबाहेर टाकला.

मैत्रीण बारावीला बसली नाही. सासऱ्यांचं म्हणणं, प्रकरण चालू असताना पोरगी केंद्रावर दिसली तर आणखी लोक विचारतील. माझ्या मुलीनं सगळे पेपर दिले, बरे गुण पडले. सुट्टीत एका दिवशी तिनं तिसऱ्या सीझनचे उरलेले भाग ओळीनं लावले. मी पोळ्या लाटत होते. शेवटच्या भागात गुन्हेगार गुन्हा कबूल करतो, परत आलेली मुलगी आईच्या गळ्यात पडते, सगळ्या मैत्रिणी गाडीतून कुठेतरी जातात. मुलीनं टीव्ही बंद केला. "कसा होता?" मी विचारलं. "लोकांना आवडला असेल," ती म्हणाली.

दिवाळीनंतर मैत्रीण अठराची झाली. मी तोवर चौकशी केली होती. असं लग्न झालेल्या मुलीला, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, ते रद्द करून घ्यायला कोर्टात जाता येतं. कागद कोणते, वकील कुठे भेटतो, तिला राहायला कुठे जाता येईल, पहिल्या महिन्यात काय लागेल, सगळं मी काढून ठेवलं. सासू रानात गेल्याची वेळ बघून मी तिला फोन केला आणि एका दमात सांगितलं. पलीकडे गाई ओरडत होत्या, ते ऐकू येत होतं.

मग तिनं एकच विचारलं. "कोर्टात गेले तर आई घरात घेईल का?"

माझ्याकडे राहा, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्या वरच माझं घर आहे काकू. रोज जिन्यात भेटतील. आईला विचारा ना."

मांडवातल्या दिवसापासून वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. तरी मी वर गेले आणि जे विचारायचं ते सरळ विचारलं, दारातच, चप्पल न काढता. त्या तांदूळ निवडत होत्या.

"सणाला ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "सणाला कोण नको म्हणतंय?"

त्यांनी आणखी काही म्हणावं म्हणून मी थांबले. मग खाली येऊन फोन लावला आणि तिला तेच सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.